विंडोज ११चे शॉर्टकट: काही महिन्यांच्या वापरानंतर बोटांत काय उरलं

शॉर्टकटच्या याद्या शंभर-दीडशेच्या असतात. बोटांत बसतात ते दहा-बारा. आणि त्यातले निम्मे यादीत वर कधी नसतातच. हा अनुभव मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग होणाऱ्या मशीनवरचा आहे. यातलं बहुतेक सगळं विंडोज १०वरही चालतं.

सगळ्यात जास्त वेळ वाचवतो तो विंडोज + व्ही, म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी. शेवटची एकच कॉपी लक्षात राहण्याचा त्रास २०१८च्या ऑक्टोबर अपडेटमध्येच संपला, पण ही सोय आधी चालू करावी लागते, म्हणून अनेकांना ती माहीतच नसते. पहिल्यांदा दाबल्यावर चालू करण्याचं बटण येतं, ते दाबायचं. मग शेवटच्या २५ कॉपी हाताशी राहतात. एक नोंद ४ एमबीच्या आत हवी. एक्सप्लोररमधून कॉपी केलेल्या फाइल आणि फोल्डर या यादीत येत नाहीत, आणि मशीन रीस्टार्ट झालं की यादी रिकामी होते. ऑफिसचा पत्ता, जीएसटी क्रमांक, आयएफएससी कोड असं रोज लागणारं पिन करून ठेवा. पिन केलेलं टिकतं. नोंदीवरच्या तीन टिंबांमध्ये साधा मजकूर म्हणून पेस्ट करायची सोय आहे. वेबपानावरचा मराठी मजकूर वर्डमध्ये आणताना तिथला फॉन्ट आणि रंगही चिकटून येतो, त्यावर हा सरळ उपाय. एकच धोका: हाताने कॉपी केलेला पासवर्डही इथे उघडा दिसू शकतो. चारजण वापरतात त्या मशीनवर हे बंदच बरं. सेटिंग्ज, सिस्टीम, क्लिपबोर्ड या वाटेने बंद होतं.

मराठी टायपिंगसाठी विंडोज + स्पेस. कीबोर्ड इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण मांडणी) असो की २०१९च्या मे अपडेटपासून सोबत येणारा फोनेटिक (रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा), बदल इथूनच होतो. खरी डोकेदुखी आहे आल्ट + शिफ्ट. तोही भाषा बदलतो, आणि दुसऱ्याच कशासाठी चुकून दाबला गेला की अर्धं वाक्य भलत्या लिपीत उमटतं. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे जाऊन भाषेच्या हॉट कीमधून तो काढून टाका. त्याच पानावर प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळी भाषा लक्षात ठेवण्याचा चौकोन आहे, त्यावर टिक करा. वर्ड मराठीत, एक्सेल इंग्रजीत, अशी विभागणी मग आपोआप राहते. एवढ्या एका टिकने जी चिडचिड वाचते ती बाकी दहा शॉर्टकटनी वाचत नाही. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये असा येतो: शिफ्ट + जे, मग डी, मग स्लॅश. नुसत्या जे ने सुरुवात केली तर 'दुसर्या' उमटतं, आणि अशा 'दुसर्या' छापील पत्रिकांतसुद्धा भरपूर दिसतात!

अडकलेल्या मशीनसाठी तीन गोष्टी पुरतात. पडदा काळा पडला किंवा चित्र गोठलं तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी: ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर मिटतो, उघडे प्रोग्रॅम तसेच राहतात. टास्कबारच हलत नसेल तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, त्याच्या यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा आणि रीस्टार्ट द्या. अख्खं मशीन बंद करायची गरज नाही. दुसरा मॉनिटर काढल्यावर एखादी विंडो पडद्याबाहेर राहिली तर टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा, आल्ट + स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण. आता माउस हलवला की ती पाठोपाठ येते. एम चालत नसेल तर विंडो मॅक्सिमाइज असते. त्याच मेनूतून आधी रिस्टोर करा.

कमांडमध्ये दोनच उपयोगाच्या ठरल्या. त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या, तेव्हा आधी भाषा बदला. पहिली बॅटरीची: टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश आणि जोडून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). अहवालाची फाइल कुठे ठेवली ते खालीच छापून येतं. तीत डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे बघा. ५०,००० आणि ३०,००० असतील तर बॅटरी ६० टक्क्यांवर आली. जुना लॅपटॉप विकत घेताना हे मागून घ्यायलाच हवं.

दुसरी एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ (sfc /scannow). ही बिघडलेल्या सिस्टीम फाइल दुरुस्त करते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं टर्मिनल हवं, नाहीतर ती सुरूच होत नाही. दुरुस्ती जमली नाही असा निरोप आला तर कारण बहुतेकदा हे असतं, की ज्या साठ्यातून ती चांगल्या फाइल घेते तोच बिघडलेला आहे. तेव्हा आधी डीआयएसएम (DISM) या विंडोजच्याच जोडकमांडच्या रिस्टोरहेल्थने तो साठा नीट करायचा आणि मग एसएफसी पुन्हा चालवायची. डीआयएसएम सहसा विंडोज अपडेटमधून फाइल ओढते, म्हणून इंटरनेट चालू ठेवा. टक्केवारी मधेच बराच वेळ थांबते; खिडकी बंद करू नका.

व्हर्च्युअल डेस्कटॉपचे शॉर्टकट दिसायला छान, पण एका मॉनिटरवर कुठली विंडो कुठे ठेवली हेच विसरायला होतं. इमोजीचा विंडोज + टिंब ठीक आहे, गरज कमी.

आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं: फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणून काल रात्री बंद केलेल्या मशीनचा अपटाइम (सलग चालू असल्याचा वेळ) टास्क मॅनेजरमध्ये कित्येक दिवसांचा दिसतो. ड्रायव्हरची कुरकुर असेल तर रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा.