पदवीनंतरची हॉकी : विद्यापीठाकडून की क्लबकडून?

बी.कॉम. झालंय, स्टिक सोडवत नाही आणि हातात नोकरीचं पत्रही आहे. मग एम.कॉम.ला प्रवेश घेऊन विद्यापीठाकडून खेळायचं, की नोकरी धरून क्लबकडून? दोन्ही साधत नाही. पूर्णवेळ नोकरी असली की आंतरविद्यापीठ स्पर्धेची पात्रता जाते.

आंतरविद्यापीठ स्पर्धेचा वयाचा नियम तसा सढळच आहे. ज्युनिअर वर्ल्ड कप 21 वर्षांखालच्यांचा, इथे 1 जुलैला वय 17 ते 25 मध्ये बसलं की झालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्याला तर जूनवाल्यापेक्षा एक हंगाम जास्त मिळतो. प्रवेश तेवढा पक्का हवा, प्रोव्हिजनल ॲडमिशन चालत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. आमच्या वेळी आंतरमहाविद्यालयीन सामने बाद पद्धतीचे असायचे. एक पेनल्टी कॉर्नर (फाऊलबद्दल समोरच्या संघाला गोलजवळून मिळणारी संधी) अडवता आला नाही की कॉलेजचा हंगाम आटोपला. विद्यापीठाच्या निवड चाचणीतही नाव आलं नाही, तर थेट पुढच्या वर्षीच. वय मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. न खेळलेलं वर्षही पंचविशीत धरलं जातं. सराव बारा महिने आणि सामने बोटांवर मोजण्याइतके, हे मला सोसेना.

चर्चगेटच्या टर्फवर लीग खेळू लागलो तेव्हा हरल्यानंतरही पुढचा सामना असायचा. ऑफिस सुटल्यावर धावतपळत पोचायची दगदग होतीच. पण खुल्या गटाला वयाची वरची अट नाही, त्यामुळे शेजारी चाळिशीतला फुलबॅक उभा असे. कॉर्नरला पहिल्या रशरने, म्हणजे गोलातून सर्वांत आधी चेंडूवर धावून जाणाऱ्याने, कुठली बाजू धरायची, हे मला त्याने शिकवलं. कॉलेजच्या संघात सगळेच आपल्या वयाचे. असं सांगणारं कोण भेटणार?

विद्यापीठाच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरोखर वजनदार आहे. रेल्वेच्या खेळाडू भरतीत काही पदांसाठी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतला पहिल्या तिघांतला क्रमांक धरतात. तिथवर जायला आधी पश्चिम विभागातून पहिल्या चारांत यावं लागतं. संघ त्या ताकदीचा असेल आणि चाचणीत तुमची जागा जवळपास नक्की असेल, तर एम.कॉम. जरूर करा.

तसं नसेल, तर नोकरीचं पत्र परत करण्याआधी लीगमधल्या एखाद्या संघाबरोबर थोडे दिवस सराव करून बघावा, असं आपलं मला वाटतं. संघांची नोंदणी हंगामाच्या तोंडावरच होते, तेव्हा विचारपूस आधीपासून करा. मी केली होती, आणि मग एम.कॉम.चा फॉर्म भरलाच नाही.