रिळाचा फ्लाय रॉड की तेन्कारा? ट्राउटच्या पहिल्या फेरीआधी वाचा

हिमाचलात तीर्थन नदीवर नाहीतर बरोटला ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी जायचं ठरलं, की पुण्या-मुंबईच्या नव्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: रिळाचा फ्लाय रॉड घेऊ की बिनरिळाचा जपानी तेन्कारा? (फ्लाय म्हणजे गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेला नकली किडा.) सांगणारा बहुतेक वेळा स्वतःच्या कपाटात जे आहे त्याचीच भलामण करतो. माझ्या मते हा निर्णय पाणी बघून घ्यावा. ओढा अरुंद, खडकाळ, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा असेल तर तेन्कारा. रुंद नदी, तलाव किंवा मोठा मासा डोक्यात असेल तर रीळ.

रिळाच्या बाजूने पहिला रॉड म्हणून जवळपास सगळे एकच माप सांगतात: ९ फूट, ५ वेट, चार तुकड्यांचा. यातलं वेट म्हणजे रॉडचं वजन नव्हे. रॉड कोणत्या लाइनसाठी बनवलाय त्याचा तो क्रमांक. ५ वेट लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतात. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. आसुडासारखी फेकली जाते ती ही जाड लाइन, फ्लाय नुसती तिच्यामागून जाते. गळाला शिसं लावून फेकण्याची सवय असलेल्याला हे लवकर पचत नाही. लाइन मागे पूर्ण सरळ होईस्तोवर थांबायचं आणि मगच हात पुढे आणायचा. तो थांबा अंगवळणी पडेपर्यंत फ्लाय पाण्यात कमी आणि मागच्या झाडांत जास्त असते. सरावाला गावातलं मैदान पुरतं, पण गाडी पकडण्याच्या आदल्या संध्याकाळी तो सुरू करून भागत नाही.

तेन्काराला रीळ नाही, रॉडवर कड्याही नाहीत. एकात एक सरकणारा कार्बनचा रॉड, उघडल्यावर साधारण ३.६ मीटर. टोकाला वेणीदार दोऱ्याचं छोटं शेपूट असतं, त्यालाच लाइन बांधायची. लाइन रॉडएवढी, पुढे मीटरभर टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर इवाना, यामामे, अमागो हे मासे धरून विकणाऱ्यांचं हे साधन. अमेरिकेत २००९ मध्ये याची विक्री सुरू झाली आणि मग जपानबाहेर बोलबाला झाला. फेकायला सोपं आहे. तासाभरात फ्लाय हवी तिथे पडायला लागते.

पण सोपेपणापेक्षा मोठा फरक आहे तो खडकामागच्या पाण्यात. डोळ्यासमोर आणा: चार-पाच मीटरवर मोठा धोंडा, त्याच्यामागे ताटाएवढं शांत पाणी, आणि तुमच्या व त्याच्या मध्ये जोराची धार. ट्राउट त्या शांत पाण्याच्या कडेला दबा धरून असतो, धारेतून वाहत येणारा किडा टिपायला. रिळाच्या रॉडने फ्लाय बरोब्बर तिथे टाकलीत तरी लाइन मधल्या धारेवर पडते. धार तिला ओढते, फ्लाय पाण्यावर रेघ मारत सटकते आणि मासा तोंड फिरवतो. जाणकार फ्लाय पडताक्षणी लाइन वरच्या अंगाला पलटवतो, तरी दोन-तीन क्षणांपलीकडे फारसं काही मिळत नाही. तेन्काराचा लांब रॉड उंच धरला की लाइन धारेच्या वरून हवेतच राहते. पाण्याला टेकते फक्त फ्लाय आणि वीतभर टिपेट. फ्लाय तिथेच घुटमळते. तीर्थनच्या वरच्या अंगाला आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांवर असलं पाणी पावलोपावली आहे, म्हणून तिथल्या पहिल्या फेरीसाठी माझं मत तेन्काराला.

तोटे मात्र कुणी नीट सांगत नाही. वाऱ्यात हलकी लाइन उडते आणि डोंगरातल्या खोऱ्यांत दुपारनंतर वारा हमखास वर चढतो. मासा मोठा निघाला तर द्यायला लाइनच नाही. काठाने त्याच्यामागे पळायचं, नाहीतर टिपेट तुटू द्यायचं. टिपेट ५ एक्सपेक्षा जाड लावू नका, कारण मग टिपेटच्या आधी रॉडचं टोक मोडतं. ५ एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर. रिळाला तिथेच त्याहून जाड ४ एक्सही चालतं. फ्लाय दगडात अडकली तर रॉड वाकवून हिसके देऊ नका, रॉड मिटवून लाइन हातात घ्या आणि सरळ ओढा. आणि विजेच्या तारा बघा. गावाजवळ नदीवरून तारा गेलेल्या असतात, कार्बनमधून वीज वाहते. रॉड ३.६ मीटरचा असताना ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते.

फ्लाय स्वतः बांधायची हौस असेल तर पारडं तेन्काराकडे आणखी झुकतं. तेन्काराची साकासा केबारी, म्हणजे उलट्या पिसाची फ्लाय, बांधायला १२ नंबरचा गळ, शिवणाचा काळा किंवा तपकिरी दोरा आणि कोंबडीच्या मानेचं मऊ पीस एवढंच लागतं. गळाचा काटा पक्कडने चेपून टाका. दोरा गळाच्या डोळ्यामागून (लाइन ओवायच्या भोकामागून) सुरू करा. पिसाची खोलगट बाजू डोळ्याकडे येईल असं ते बांधा आणि दोन-तीन वेढे द्या, जास्त नको. मग दोरा पिसाच्या मागे आणून तंतू पुढे रेटा, उरलेल्या दोऱ्याने अंग भरा आणि गाठ मारा. तंतू छत्री उलटल्यासारखे पुढे झुकलेले दिसले की जमलं. पाण्यात रॉडचं टोक हलकेच उचललं की ते मिटतात, सोडलं की उघडतात, आणि माशाला ते जिवंत वाटतं. कोंबड्याचं ताठ पीस इथे कामाचं नाही. ते तरंगत्या फ्लायसाठी.

उलट, एल्क हेअर कॅडिस ही तरंगती फ्लाय बांधून बघा. अल ट्रॉथ यांनी १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियात बसवलेली ही फ्लाय जगभर चालते, पण एल्क या मोठ्या हरणाचे केस, तंतूंचं अंग, बारीक तार आणि अंगभर गुंडाळलेलं ताठ पीस असा तिचा संसार. केस सारख्या टोकांनी बसवणं हेच मुळात कसब आहे. अशा तरंगत्या फ्लाय १४ आणि १६ नंबरमध्ये विकतच घ्या. फेझंट टेल निम्फ ही पाण्याखाली चालणारी फ्लाय मात्र घरी जमते. इंग्लंडच्या फ्रँक सॉयर यांच्या मूळ पद्धतीत दोराच नाही, तांब्याची बारीक तार आणि शेपटीचे तंतू, बस. यातली कोणतीही फ्लाय दोन्ही रॉडवर चालते. फक्त जड मण्याची निम्फ तेन्कारावर फेकायला अवघड जाते.

आता घरच्या पाण्याचा विचार. महाराष्ट्रात ट्राउट नाही, पाणी त्याला सोसत नाही. इथे महसीर, मरळ, तिलापिया. लोणावळ्यात टाटा पॉवरच्या केंद्रात महसीरची पैदास कित्येक वर्षं चालू आहे. महसीरसारखा मासा एका दमात रिळावरची बरीच लाइन ओढून नेतो, तिथे तेन्कारा निरुपयोगी आणि ५ वेटही तोकडा. ७ किंवा ८ वेट लागेल. म्हणून वर्षातून चार दिवस हिमाचल आणि बाकी सुट्ट्या धरणाच्या काठी असा हिशेब असेल तर पैसे रिळात घाला. तिलापियासाठी तेन्कारा धमाल आहे, पण तेवढ्यासाठी रॉड घेणं मला पटत नाही.

खर्चाचं म्हणाल तर रिळाच्या बाजूला रॉडखेरीज रीळ, बॅकिंग (लाइनच्या मागचा राखीव दोरा), लाइन, लीडर (लाइन आणि फ्लायमधला निमुळता दोरा) असं एकेक वाढत जातं. तेन्काराला रॉड घेतला की लाइनची गुंडाळी आणि टिपेट. मिटवल्यावर साधारण अर्धा मीटर होतो, सॅकमध्ये मावतो. विमानाने जाणार असाल तर गळ आणि पक्कड चेक-इन सामानात टाका.

परवाना दोघांनाही लागतो, तो हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून घ्यायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट काढण्याआधी तारीख बघा.