सागवान की व्हाइट ओक? मुंबईच्या घरातली लाकडी जमीन

लाकडाचा कठीणपणा जान्का चाचणीने मोजतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला लागणारा जोर, तो हा आकडा. व्हाइट ओकचा साधारण १,३५० पाउंड, सागवानाचा १,०७०. जड कपाट ओढलं किंवा वरवंटा हातातून सुटला, तर पोचा सागवानावर जास्त खोल पडतो.

पण मुंबईत नुसत्या आकड्यावर जाऊ नका. जूनमध्ये हवा दमट झाली की फळी रुंदीला फुगते, आणि इथे ओक हरतं. सुकताना जास्त आकसणारं लाकूड दमट हवेत जास्त फुगतं. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत सागवान रुंदीत जास्तीत जास्त ५ टक्क्यांच्या आसपास आकसतं, ओक १० टक्क्यांच्या. म्हणून भरीव ओकच्या फळ्या भिंतीला घट्ट भिडवल्या तर पावसाळ्यात मधून उचलल्या जातात. कडेने १० ते १२ मिलिमीटर फट सोडा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ओकमधलं टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, ओल्या लोखंडाला लागलं की काळे डाग पडतात, तेव्हा खिळे स्टेनलेसचेच.

सागवानाची खोड वेगळी: अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. घासलेली बाजू अ‍ॅसिटोनने पुसा, सुकताच गोंद लावा. उशीर केलात तर तेल पुन्हा वर येतं. फळी घेताना कडेचा फिकट पिवळट पट्टा बघा. तो सालीलगतचा कच्चा भाग, वाळवी आधी तिथेच लागते.

पावसाची झड आत येणाऱ्या खोलीत सागवानच घाला. ओकच हवं असेल, तर प्लायवर चिकटवलेलं इंजिनिअर्ड घ्या.