गो-ए की कालुश ऑर्केस्ट्रा?

युक्रेनचं आजचं लोकप्रिय संगीत ऐकायला सुरुवात करायची, तर या दोन बँडची नावं आधी समोर येतात. दोघेही युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेमुळे जगभर पोचले आणि दोघांकडेही सोपिल्का हा युक्रेनी पावा आहे. गंमत म्हणजे इहोर दिदेनचुक हा एकच वादक दोन्ही चमूंत वाजवायचा!

गो-एचा जीव कातेरिना पावलेंकोच्या गळ्यात आहे. शेतातून हाक द्यावी तसा उघडा, धारदार, जराही न थरथरणारा आवाज. खेड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गात आल्या ती ही पद्धत. त्याखाली इलेक्ट्रॉनिक ठेका. 'शुम' हे गाणं वसंताला बोलावणाऱ्या जुन्या लोकगीतांवर उभं आहे. त्याची लय वाढत वाढत शेवटी अशी सुटते की बसून ऐकवत नाही. रॉटरडॅमला २०२१ मध्ये ते पाचवं आलं. माझ्या मते आणखी वर यायला हवं होतं.

कालुशचा पाया रॅप. त्यांचा रॅपर ओलेह प्स्यूक याने 'स्तेफानिया' हे गाणं आपल्या आईवर लिहिलं; रशियाने आक्रमण केल्यावर लोकांनी ते मातृभूमीचं गाणं मानलं. तुरिनला २०२२ मध्ये प्रेक्षकांनी ४३९ गुण दिले आणि ते जिंकलं. धून चटकन ओठांवर बसते, मात्र रॅपमधली बरीचशी मजा शब्दांत आहे, आणि युक्रेनी न येणाऱ्याला ती निसटते.

म्हणून सुरुवात गो-एपासून करा, तीही हेडफोन लावून. कालुश ऐकताना शब्दांचा अर्थ शेजारी उघडा ठेवा.