फिरत्या सिगारडब्यासाठी बोवेडाची 65ची पुडी

बेळगाव, निपाणी, खानापूर, अथणी असा आठ जणांत अदलाबदलीचा सिगारडबा (आपल्या सिगार घालायच्या, तेवढ्याच मोलाच्या दुसऱ्यांच्या घ्यायच्या) फिरवायचा असेल, तर त्यात बोवेडा कंपनीची 60 ग्रॅमची ओलाव्याची पुडी घालावी आणि घेताना तिच्यावरचा आकडा, म्हणजे ती हवेत किती टक्के आर्द्रता राखते तो, 65 आहे ना, ते बघावं. 72ची नको. लाकडी ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगार ओलसर ठेवायच्या पेटीत, लाकूडच थोडी ओल पितं, म्हणून तिथे 69 किंवा 72 चालते. फिरता डबा मात्र चारी बाजूंनी क्लिपा लागणारा, रबरी कडेचा प्लास्टिकचा असतो. त्यात 72 घातली की सिगार फुगते, ओढताना दम लागतो आणि मध्येच विझते.

पुडीत मीठ आणि पाणी, वर वाफ आत-बाहेर जाऊ देणारा पापुद्रा. हवा कोरडी झाली की ती ओल सोडते, दमट झाली की ओढून घेते. 25 सिगारांना एक पुडी, 50ला दोन. नुसता ओला स्पंज ओल देतो, परत घेत नाही. आपल्या भागात तेवढ्याने भागत नाही. जुलैत खानापूरला कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी धरते, आणि मार्चच्या उन्हात अथणीला उघडा ठेवलेला सिगार दोन दिवसांत तडकतो. निपाणीकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तंबाखूचा वाळलेला पाला पहाटे दवावर उचलायचा, ऊन चढल्यावर धरला तर हातात चुरा येतो, हे तिथे पोरासोरांना ठाऊक.

अदलाबदलीतला न्याय इथूनच सुरू होतो. कोरडी सिगार घालणाऱ्याने किमतीचा हिशेब चोख ठेवला, तरी समोरच्याला कमीच दिलेलं असतं. म्हणून डब्यात जाणारी प्रत्येक सिगार आधी स्वतःच्या घरी 65च्या पुडीसोबत निदान 15 दिवस ठेवावी. कोरडी सिगार थेट दमट डब्यात टाकली तर आतला तंबाखू आधी फुगतो, बाहेरचं नाजूक पान ताणलं जातं आणि पेटवायच्या टोकापासून उभी चीर जाते. मग ती कोणाच्या हातून फुटली, यावर भांडण.

डब्यातला हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, तोही तपासलेला हवा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत 24 तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 71 आला तर यंत्र 4 कमी दाखवतं. तेवढं चिठ्ठीवर लिहून यंत्रालाच चिकटवा, म्हणजे डबा पुढे गेल्यावर नव्याने वाद नको.

पुडीचे दोष सांगायलाच हवेत. एका डब्यात 65 आणि 72 एकत्र ठेवल्या तर एक ओल सोडते, दुसरी पिते, आणि दोन्ही लवकर संपतात. डबा वरचेवर उघडला तर पुडी दोन-चार महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. बोटांना आत कडक खडे लागले की बदलावी. शिवाय किडीवर तिचा काही उपाय चालत नाही. तंबाखूचा भुंगेरा 25 अंशांच्या वर जोर धरतो, आणि आपला एप्रिल-मे त्याला मानवतो. टाचणीएवढं गोल भोक आणि तळाशी बारीक भुकटी दिसली की डबा तिथेच थांबवून सगळ्यांना कळवायचं. लाज वाटून गप्प बसणं हा गटातला सगळ्यात मोठा अन्याय आहे. सिगार हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रीजमध्ये, तीन दिवस उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर. मध्ये लाइट बराच वेळ गेली तर तीन दिवस पहिल्यापासून मोजायचे.

व्हॅनिला, कॉफी असा वास दिलेली सिगार डब्यात घालूच नये; हवाबंद जागेत तो वास सगळ्यांना लागतो. आणि देवदाराची फळी नको. ह्युमिडॉरचं ‘सीडर’ महोगनीच्या कुळातलं, आपल्या देवदाराचा त्याच्याशी संबंध नाही. देवदाराचा राळेचा वास पानात उतरतो.

आता मोल. जाडी बघून फसू नका. रिंग म्हणजे इंचाचा 64वा भाग. मोंटेक्रिस्टो नंबर 4 अवघी 42 रिंगची, तिच्याशेजारी 60ची घसघशीत दिसते, पण महाग असेलच असं नाही. पूर्ण खोक्याच्या किमतीला नगांनी भागून येईल ते मोल धरा. दोन्ही बाजू दुकानातल्या बिलाने मोजा, नाहीतर दोन्ही ड्यूटी-फ्रीच्या. एकाने हे, दुसऱ्याने ते धरलं की हिशेब जुळणार नाही. क्युबन सिगार जुनी म्हणून जास्त मोल मागणाऱ्याने खोक्याच्या तळाचा फोटो द्यावा. तिथे कारखान्याची खूण, महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ENE म्हणजे जानेवारी, AGO म्हणजे ऑगस्ट. फोटो नसेल तर साधी किंमत.

सिगारवरचं सेलोफेनचं वेष्टन काढू नये. ओल त्यातूनही जाते. दुसऱ्याची सिगार दाबून बघू नये, नाकाला टेकवू नये. एका फेरीत जास्तीत जास्त तीन घ्याव्या, तेवढ्याच त्याच मोलाच्या घालाव्या, आणि घातलेलं-घेतलेलं डब्यातल्या वहीत तारखेसह लिहावं. शेवटच्या माणसाला गाळ उरतो, म्हणून पुढची फेरी उलट्या क्रमाने. डबा दोन दिवसांवर अडवू नये. उन्हाळ्यात एसटीच्या डिकीतून पाठवू नये; हातोहात द्यावा. कर्नाटकात 2025पासून 21 वर्षांखालच्याला तंबाखू विकता येत नाही. इथे विक्री नसली, तरी कागल ओलांडून महाराष्ट्रातून आलेल्या गड्यालाही तीच वयाची अट.

नवी पुडी घातली की तिच्यावर मार्करने तारीख लिहायची. खर्च आठ जणांत सारखा, मग कोणी त्या फेरीत एकच सिगार घेतलेली असो.