साताऱ्यातून जुना डोनर लॅपटॉप घेतला आणि फसलो

माझा थिंकपॅड टी४३०, २०१२ चं मॉडेल, त्यावर चहा सांडला. पंखा फिरायचा पण स्क्रीन काळी, रॅम आलटूनपालटून बघितली, बाहेरचा मॉनिटर लावला, कशाला काय नाही, म्हणजे मदरबोर्डच गेला. नवीन बोर्ड कोण घेतंय, म्हणून डोनर, म्हणजे भाग काढून घ्यायला जुना लॅपटॉप, शोधला, ऑनलाइन जाहिरात बघून साताऱ्यातला एक "फक्त डिस्प्ले फुटलेला" टी४३० साडेतीन हजाराला ठरवला आणि रविवारी सांगलीतून एसटीनं गेलो.

पोवई नाक्याजवळ एका खोलीत त्यानं व्हीजीए केबलनं बाहेरचा मॉनिटर लावून विंडोज चालू करून दाखवलं. लॅपटॉप चालू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची मूळ सेटिंग, बघायला मी एफ१ दाबायला गेलो तर म्हणाला, "थांबा हो, आधी विंडोज तर येऊ दे." तिथंच डोकं चालायला पाहिजे होतं. पण विंडोज आलं, रॅम आठ जीबी दिसली, मी खूश, वर येताना कंदी पेढे पण घेतले.

घरी येऊन बोर्ड बदलला, प्रोसेसर सॉकेटचा, म्हणजे काढता येणारा असतो त्यामुळं माझाच टाकला, पेस्ट लावली, तर माझी एसएसडी (डिस्क) बूटच होईना, म्हणजे विंडोज येईना. बायोसमध्ये गेलो तर समोर कुलपाचं चित्र, सुपरवायझर पासवर्ड! नुसतं एंटर दाबलं की आत जाता येतं पण फक्त बघायला, बदलता काहीच येत नाही. बूटचं सेटिंग यूईएफआय ओन्ली, म्हणजे फक्त नवीन पद्धत, माझं विंडोज लेगसीचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, आणि पेनड्राइव्हवरून बूट करायचं पण बंद.

म्हणलं बोर्डावरचा सेल काढू, पासवर्ड जाईल. रात्रभर गोल सेल काढून ठेवला, सकाळी परत तेच कुलूप. तेव्हा कळलं की हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून जात नाही, आणि विसरला तर कंपनीचं उत्तर एकच, बोर्ड बदला. मी बोर्ड बदलूनच तर बसलो होतो राव!

एसएसडी दुसऱ्या पीसीला लावून यूईएफआयसाठी बदलता येईल, ते होईल हो. पण असा पासवर्ड घरी कोण टाकत नाही, ऑफिसवाले टाकतात. मग खालचं लेबल बघितलं तर सिरीयल नंबर खरवडलेला, आणि बायोसमध्ये मात्र व्यवस्थित दिसतोय. खोलीतच एफ१ दाबून तो नंबर लेबलाशी ताडून बघितला असता तर दोन मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. आता चिप वाचून पासवर्ड काढून देणारे भेटतात, पण मशीन कुणाच्या ऑफिसातनं आलंय हेच माहीत नसताना ते कशाला करू?

त्याला फोन केला तर म्हणतो, "तुमच्यासमोर चालू करून दाखवलंय की." त्यानंतर व्हॉट्सॲपवर एकच टिक. डोनरचा कीबोर्ड तेवढा चांगला निघाला. बोर्ड कपाटात, पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्समध्ये ठेवलाय.