फार्मर बर्न्सचा टपाल-कोर्स : सात महिने वापरून, एकदा मान आखडून

मान आखडली तेव्हा फिजिओला तीनदा ७०० रुपये मोजले. म्हणजे २१०० झाले, आणि कोर्स पडला होता १८० ला. हा हिशोब डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

फार्मर बर्न्स म्हणजे जुना अमेरिकन कुस्तीगीर, आणि गॉच हा त्याचा नावाजलेला चेला. १९१४ मध्ये बर्न्सनं अमेरिकेतल्या ओमाहाहून टपालानं विकलेल्या या कुस्तीच्या धड्यांचं स्कॅन आता फुकट मिळतं. मी गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून घेतलं, स्पायरलसकट १८० रुपये. दिवसभर स्क्रीनपुढे बसून मान धरलेली असते. ज्याची स्वतःची मान २० इंच होती, त्याच्याकडून शिकू म्हटलं. शिवाय जिमच्या फीपेक्षा स्वस्त.

पहिली तक्रार फोटोंची, आणि ती मी सोडणार नाही. शंभर वर्षांपूर्वीचे फोटो, त्यांचं स्कॅन, वर टोनरची बोंब असलेलं मशीन. टो होल्डच्या, म्हणजे पंजा धरून पाय पिळायच्या डावाच्या, पानावर नुसता काळा चौकोन. आत दोन माणसं आहेत एवढं कळतं. पाय कुणाचा, पंजा कुणी धरलाय, पिळतोय कुठल्या अंगाला, काही पत्ता नाही. १९११ साली शिकागोत, कोमिस्की पार्कात, गॉचनं ज्या डावाच्या जोरावर हॅकेनश्मिट नावाच्या बड्या पैलवानाला दुसऱ्यांदा हरवलं, तोच डाव आणि त्याचाच फोटो काळा! दुकानदार म्हणे, "मूळच काळं आहे, मी काय करणार?" म्हटलं, पान पुन्हा काढून द्या. तर म्हणे रंगीत घ्या, १० रुपये पान. रंगीत! १९१४ चा फोटो! त्याच्याशी मी दोन आठवडे बोलत नव्हतो. नंतर तेच पान मोबाईलवर उघडलं तर पायाची बोटंसुद्धा मोजता येत होती. तेव्हा फोटोंचे कापलेले गुण बर्न्सला परत, दुकानदाराला नाही.

मानेचे व्यायाम मात्र चोख. कपाळाला तळवे लावायचे, डोकं पुढं रेटायचं आणि हातांनी अडवायचं. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. सामान शून्य, खर्च शून्य. दोन महिन्यांत संध्याकाळची खांदेदुखी निम्म्यावर आली. श्वासाचे व्यायाम मी चार दिवस केले, खिडकीत उभं राहून. समोरच्या बाल्कनीतल्या आजी टक लावून बघायला लागल्या, तेव्हा बंद केले.

पाचव्या महिन्यात अंगात आलं. बर्न्स म्हणजे गळ्यात फास अडकवून सहा फुटांवरून पडून दाखवणारा आणि वर लटकल्या लटकल्या शीळ घालणारा माणूस. वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास, तरी १८९५ मध्ये त्यानं इव्हान 'स्ट्रँगलर' (गळा आवळणारा) लुईस या पैलवानाला हरवलं. असलं वाचून मी थेट ब्रिजला, म्हणजे डोकं जमिनीला टेकून अंगाची कमान करायला, हात घातला. हॉलमधल्या फरशीवर. मानेत काहीतरी कट्कन वाजलं. पुढचे चार दिवस हाक आली तर अख्खा वळायचो. त्याच रात्री एक स्टार देऊन टाकणार होतो.

पुढच्या रविवारी कोल्हापूरला गेलो, चोपडं बरोबर होतंच. मामा तरुणपणी तालमीत जायचे. इंग्रजी वाचलं नाही, नुसते फोटो बघत पानं उलटली.

"अरं, फरशीवर ब्रिज कर म्हणून ह्यानं सांगितलंय व्हय?"

नव्हतं सांगितलं.

"वाकळ टाक खाली. हात टेक, भार हातावर घे. मानंवर मागनं."

घरी येऊन दोन महिने तसंच केलं. वाकळ नव्हती, जुनी दुलई चौपदरी घातली. आता हात उचलून दहा आकडे निघतात. पाचपैकी साडेतीन. अर्धा पुन्हा कापला, कारण मान आणि श्वास सोडले तर कोर्स बहुतेक डावांचाच, आणि डावाला जोडीदार लागतो. १८९९ मध्ये फोर्ट डॉजला गॉच बर्न्सकडून हरला आणि मग त्याच्याचकडे शिकायला लागला. त्याला अंगावर घ्यायला वस्ताद होता. मला टो होल्ड शिकायला पाय लागतो, आणि तोही दुसऱ्याचा. उशीवर जमत नाही, करून बघितलं. बायकोनं फोटो बघून मोबाईल परत दिला, एक शब्द बोलली नाही.

दिवाळीत भाचा येतोय, बारावीचा आहे, फुटबॉल खेळतो. त्याला अजून काही सांगितलेलं नाही.